सौजन्य वाक्यात कोठे असते?

परकी भाषा बोलणाऱ्याच्या व्याकरणाच्या चुका लोक उदार मनाने माफ करतात. क्रियापदाचा काळ चुकला, लिंग बदलले, एखादा उच्चार वेडावाकडा झाला, तरी ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो आणि 'परका माणूस आहे, शिकेल हळूहळू' असे म्हणून पुढे जातो. पण त्याच माणसाने निर्दोष व्याकरणात चहाचा कप मागितला आणि त्या मागण्यात अपेक्षित नरमाई नसली, तर तो दोष भाषेच्या खात्यावर जात नाही. तो माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतो. व्याकरण चुकणारा अडाणी ठरतो, रीत चुकणारा उद्धट ठरतो. ब्रिटिश भाषाभ्यासक जेनी टॉमस यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात हा भेद नेमका टिपला होता. त्यातून निघणारा निष्कर्ष जरा क्रूर आहे. शिकणाऱ्याचे व्याकरण जितके सुधारते, तितकी त्याला मिळणारी सवलत कमी होत जाते. अडखळत बोलणाऱ्याला जे खपून जाते, ते सफाईने बोलणाऱ्याला खपत नाही.

हा विरोधाभास पाहायचा असेल तर इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या जर्मनभाषकाकडे पाहावे. इंग्रजी आणि जर्मन या एका कुळातल्या, जवळजवळ सख्ख्या म्हणाव्यात अशा भाषा. घर, हात, पाणी, बोट, भाकरी अशा रोजच्या शब्दांत त्यांचे साम्य कानाला लगेच जाणवते. जर्मन शाळकरी मुलाला इंग्रजीचे व्याकरण आपल्या मुलांइतके दमवत नाही. म्हणूनच त्याची खरी ठेच व्याकरणाच्या पलीकडे, बोलण्याच्या रीतीत लागते. कधी ती निव्वळ शब्दांच्या सारखेपणामुळे लागते. जर्मनमध्ये 'मुस निश्ट' म्हणजे 'नाही केले तरी चालेल'. इंग्रजीत 'मस्ट नॉट' म्हणजे 'मुळीच करायचे नाही'. जर्मन यजमान पाहुण्याला संकोचातून मोकळे करण्यासाठी 'पानातले सगळे संपवलेच पाहिजे असे नाही' असे सांगू पाहतो आणि इंग्रज पाहुणा दचकून काटा खाली ठेवतो. कोणी काही देऊ केले असता जर्मन माणूस नुसते 'डांके' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'नको, आभारी आहे' असा असतो. तेच तो इंग्रजीत म्हणाला तर त्याच्या पुढ्यात केकचा दुसरा तुकडा येतो. असे गैरसमज विनोदी असतात आणि लवकर मिटतात. जे मिटत नाहीत, ते याहून खोल असतात.

जर्मन बोलीत काही अगदी चिमुकले शब्द आहेत: डॉख, माल, या, डेन, हाल्ट, वोल. व्याकरणकार त्यांना एका गटात घालतात, पण शब्दकोशाला त्यांचा अर्थ नीट देता येत नाही. 'माल' हा 'आइनमाल'चा, म्हणजे 'एकदा' या शब्दाचा संक्षेप. 'डॉख' कधी आग्रह दाखवतो, कधी आर्जव, कधी 'अहो, पण तुम्हांला ठाऊक आहेच की' असा सूर. 'कॉम हेअर' हा हुकूम आहे. 'कॉम डॉख माल हेअर' हा हुकूम नाही. ती आपुलकीची हाक आहे. क्रियापद तेच, आज्ञार्थ तोच. मध्ये आलेल्या दोन कणांनी वाक्याची जात बदलली. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. 'इकडे ये' आणि 'ये ना जरा इकडे' यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच ते अंतर आहे. आपले 'जरा', 'ना', 'की', 'बरं', 'तरी', 'हं' हे शब्द नेमके हेच काम करतात. 'बघ' आणि 'बघ तरी एकदा' यांतला 'एकदा' तर 'माल'चा सख्खा भाऊच.

आता हे वाक्य इंग्रजीत न्यायचे आहे. क्रियापद जाते, कर्ता जातो, स्थलवाचक शब्द जातो. मधले ते दोन कण मात्र सीमेवरच अडवले जातात, कारण पलीकडे त्यांना राहायला घर नाही. इंग्रजीत पोचते ते उघडे पडलेले आज्ञार्थी क्रियापद. बोलणाऱ्याच्या मनात आर्जव असते, ऐकणाऱ्याच्या कानात हुकूम पडतो. इंग्रजी भाषा सौजन्य ठेवते ते भलत्याच ठिकाणी: वाक्याच्या रचनेत. ती प्रश्न विचारते, संकेतार्थ वापरते, भूतकाळाचा आधार घेते, 'तुम्हांला हरकत नसेल तर', 'शक्य होईल का, असा मी विचार करत होतो' अशा आडवळणांनी मागणीपर्यंत पोचते. जर्मनमध्ये अशी वळणे नाहीत असे नव्हे. संकेतार्थी रूपे तीही वापरते. पण रोजच्या व्यवहारात तिचे सौजन्य पुष्कळदा या कणांत, आवाजाच्या चढउतारात आणि 'झी' या आदरार्थी सर्वनामात वाटून ठेवलेले असते. इंग्रजीत गेल्यावर हे तिन्ही हातचे जातात. कण नाहीत, सूर वेगळा, आणि सर्वनाम तर एकच: लहानथोरांना सारखेच लागू होणारे 'यू'.

युलियाने हाउस आणि गाब्रिएले कास्पर या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९८१ साली जर्मन व इंग्रजी भाषकांच्या विनंत्यांची आणि तक्रारींची तुलना प्रसिद्ध केली. जर्मनभाषक तुलनेने थेट रचना निवडतात, इंग्रजीभाषक वाक्य मवाळ करणारी साधने अधिक वापरतात, असे त्यांना आढळले. पुढे हाउस यांनी अशा निरीक्षणांची मांडणी काही अक्षांवर केली: थेटपणा आणि आडवळण, आशयावर लक्ष आणि समोरच्या माणसावर लक्ष, उघड सांगणे आणि सूचित करणे, प्रसंगानुरूप नवे वाक्य घडवणे आणि तयार साच्यांचा वापर करणे. प्रत्येक अक्षावर जर्मनभाषक पहिल्या टोकाकडे झुकतात, इंग्रजीभाषक दुसऱ्या. हे कल आहेत, कायदे नव्हेत. आणि 'जर्मनभाषक' म्हणजे एकच एक माणूस नव्हे. 'आपल्या हाताचे चुंबन घेतो' अशा अर्थाचे अभिवादन जपणारी व्हिएन्ना आणि मोजक्या शब्दांत काम उरकणारा उत्तर जर्मनी यांत बरेच अंतर आहे. पावाच्या दुकानात 'मला अमुक मिळेल' असे सरळ विधान करणारा जर्मन गिऱ्हाईक स्विस शेजाऱ्यालाही आगाऊ वाटतो. आपल्याकडे खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना घातलेला मायेचा 'तू' शहरात येताच उद्धट ठरतो, तसेच हे.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. हा फरक भाषेच्या घडणीतून आलेला एक अपघात आहे, की त्यामागे काही इतिहास आहे? नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली बाझेल येथून प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात, सभ्यतेच्या प्रक्रियेचा शोध घेताना, या प्रश्नाचे एक उत्तर सुचवले. जर्मन भाषेत सौजन्याला 'ह्योफ्लिशकाइट' म्हणतात. त्यातला 'होफ' म्हणजे दरबार. अठराव्या शतकातले जर्मन दरबार मात्र फ्रेंच बोलत होते. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने जर्मन साहित्यावरचा आपला निबंध १७८० साली लिहिला तोही फ्रेंचमध्येच. जर्मनमध्ये लिहिणारा, विद्यापीठांत शिकलेला मध्यमवर्ग या दरबारांच्या बाहेर उभा होता. त्याने स्वतःचा अभिमान उभारला तो दरबारी शिष्टाचाराच्या विरोधात. बाहेरची झिलई ती 'त्सिव्हिलिझात्सिओन', आतले सत्त्व ती 'कुल्टुर'. प्रामाणिकपणा, खोली, अंतःकरणाची घडण हे आपले. गोड बोलणे, वाकून मुजरा करणे हे त्यांचे. ग्योटेच्या 'फाउस्ट'च्या दुसऱ्या भागात एक उद्दाम तरुण पदवीधर येतो. सौजन्य आणि असत्य यांची तो जी सांगड घालतो, तिच्यामागे हाच इतिहास आहे. ग्योटेने ते वाक्य त्या उर्मट पात्राच्या तोंडी घातले, हे मात्र ते वाक्य वापरणारे सहसा विसरतात.

याच काळात, १७८८ साली, आडोल्फ फ्राइहेर क्निगे यांचे माणसांशी कसे वागावे याविषयीचे पुस्तक निघाले. आज जर्मनमध्ये 'क्निगे' म्हणजे काट्याचमच्याचे नियम सांगणारी पुस्तिका. मूळ पुस्तकाला त्या नियमांशी फारसे कर्तव्य नव्हते. निरनिराळ्या स्वभावांच्या, वयांच्या आणि स्तरांच्या माणसांशी न्यायाने आणि समजुतीने कसे वागावे, हा त्याचा विषय. माणसे ओळखण्याच्या एका शास्त्राचे पुढे टेबलावरच्या रीतींत रूपांतर झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणतेही संभाषणवर्ग चालवणारे याच उतारावर उभे असतात. आपले शब्दही या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहेत. 'सभ्य' हा शब्द 'सभा' या शब्दातून आला. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य. जर्मन आणि इंग्रज या दोघांनीही सौजन्याचे नाव दरबारावरून घेतले, संस्कृतने ते सभेवरून घेतले. दरबारात एक वर असतो, बाकीचे खाली. सभेत निदान तत्त्वतः तरी सगळे एका जाजमावर बसतात. प्रत्यक्षात आपल्या सभांचे दरवाजे कोणाकोणाला बंद होते हे वेगळे सांगायला नको. म्हणून या व्युत्पत्तीचा गर्व बाळगण्याचे कारण नाही.

एलियास यांचा ग्रंथ कोठे लिहिला गेला हे पाहिले म्हणजे विषयाची दुसरी बाजू समोर येते. तो जर्मन भाषेत, पण लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात लिहिला गेला. एलियास ज्यू होते. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडला आणि १९३५ मध्ये ते इंग्लंडला आले. १९४० मध्ये, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून, ते इतर हजारो निर्वासितांबरोबर स्थानबद्धही झाले. लेस्टरच्या विद्यापीठात स्थिर जागा मिळायला १९५४ साल उजाडले. सभ्यतेचा इतिहास लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या सभ्यतेत उमेदवारी करत होता.

त्या काळात इंग्लंडला येणाऱ्या जर्मनभाषक ज्यू निर्वासितांच्या हाती एक छोटी द्विभाषिक पुस्तिका दिली जात असे. जर्मन ज्यूंना मदत करणाऱ्या समितीने आणि ब्रिटिश ज्यूंच्या प्रतिनिधी मंडळाने मिळून ती काढली होती. इंग्लंडमध्ये असताना कसे वागावे याचा उपदेश तीत होता. फावला वेळ इंग्रजी आणि तिचे योग्य उच्चार शिकण्यात घालवा. रस्त्यात, वाहनांत जर्मन बोलू नका. अस्खलित जर्मनपेक्षा अडखळते इंग्रजी बरे. आवाज चढवू नका. पोशाखाने किंवा वागण्याने नजरेत भरू नका. येथल्या व्यवस्थेवर टीका करू नका. इंग्रज माणूस मिताक्षरी असतो, संपत्तीपेक्षा त्याला चांगल्या रीतीची किंमत अधिक वाटते, आणि ज्याचे पैसे त्याने स्वतःच मोजले आहेत अशा बसच्या तिकिटासाठीही तो आभार मानतो, हेही तीत सांगितले होते.

ही पुस्तिका लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना भीती होती, आणि ती रास्त होती. पण तीत दिलेला पाठ 'संभाषणाचा' नव्हता हे उघड आहे. तो आवाज कमी करण्याचा पाठ होता. बसच्या तिकिटाबद्दल आभार मानणे आणि आश्रयाबद्दल जन्मभर आभार मानत राहणे, या दोन गोष्टी तीत शेजारी शेजारी बसल्या. शिष्टाचार जेव्हा आश्रयाची किंमत म्हणून वसूल केला जातो, तेव्हा तो शिष्टाचार राहत नाही, तो जकात होतो. येथे व्हिसा, नोकरी, भाड्याची खोली, शेजाऱ्याचा विश्वास या सगळ्यांचा निकाल एका 'प्लीज'च्या जागेवर लागतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून आलेल्या कितीतरी सुशिक्षित स्त्रियांना इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला तो घरकामाच्या परवान्यावर. कालपर्यंत घरी मोलकरीण ठेवणाऱ्या बाईला आज मोलकरणीचे सौजन्य परक्या भाषेत शिकायचे होते. लोरे सीगल या लेखिकेचे आईवडील असेच स्वयंपाकीण आणि बटलर म्हणून व्हिएन्नातून आले. त्या स्वतः दहा वर्षांच्या असताना, डिसेंबर १९३८ मध्ये, मुलांच्या गाडीने आधीच इंग्लंडला पोचल्या होत्या. इतरांच्या घरांत काढलेल्या त्या वर्षांवरची त्यांची कादंबरी १९६४ साली निघाली.

एकाच घरात भाषेचे किती वेगवेगळे भोग वाट्याला येऊ शकतात, हे केर कुटुंबात दिसते. आल्फ्रेड केर हे बर्लिनचे दरारा बाळगून असलेले नाट्यसमीक्षक. १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला, त्यांची पुस्तके जाळली गेली, आणि स्वित्झर्लंड व पॅरिसमार्गे हे कुटुंब लंडनला आले. ज्याच्या एका वाक्याने नाटक उभे राही किंवा पडे, त्या माणसाच्या वाक्याला इंग्लंडमध्ये गिऱ्हाईक उरले नाही. त्यांचे वय उलटून गेले होते आणि त्यांची सारी कला जर्मन वाक्याच्या लयीत होती. मुलगी ज्यूडिथ मात्र इंग्रजीतली लाडकी बालसाहित्यकार झाली. चहाला आलेल्या वाघाची तिची गोष्ट १९६८ सालची. त्या गोष्टीतला वाघ दार वाजवून अत्यंत अदबीने आत येतो आणि घरातले सगळे खाऊन टाकतो. मुलगा मायकेल १९४० मध्ये स्थानबद्ध झाला आणि पुढे त्याच देशाचा वरिष्ठ न्यायाधीश झाला. मुलांना भाषा मिळाली, बापाची गेली. संभाषणवर्गाच्या जाहिरातीत पहिली बाजू असते, दुसरी नसते.

याउलट एलियास कानेट्टी यांचे उदाहरण. बल्गेरियात जन्मलेल्या, घरी लादिनो बोलणाऱ्या या लेखकाला इंग्रजी जर्मनच्याही आधी येत होते. मँचेस्टरमध्ये त्यांचे बालपण गेले होते. १९३९ पासून त्यांनी अनेक दशके इंग्लंडमध्ये काढली, १९५२ मध्ये नागरिकत्व घेतले, आणि लिहीत राहिले ते जर्मनमध्येच. १९८१ चे नोबेल मिळाले ते त्या जर्मन लेखनासाठी. मृत्यूनंतर, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या आठवणींत त्यांनी तिथल्या मेजवान्यांतल्या सभ्य अलिप्ततेवर कडवट लिहिले आहे. हा न जमलेल्या माणसाचा त्रागा नव्हे. खेळाचे नियम पुरते समजल्यावरही त्यात रमण्यास दिलेला तो नकार आहे. तो अधिकारही शिकणाऱ्याला असला पाहिजे.

पण नकार म्हणजे न्याय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 'इंग्रज ढोंगी असतात' हे जर्मनभाषकाचे आवडते विधान 'जर्मन उद्धट असतात' या विधानाइतकेच आळशी आहे. 'हाउ आर यू' हा प्रश्नही नाही आणि खोटेपणाही नाही. ते ध्वनीने केलेले हस्तांदोलन आहे. हातात पिशवी घेऊन बाजाराच्या वाटेने निघालेल्या माणसाला आपण 'काय, बाजारात का?' असे विचारतो, तेव्हा आपल्याला माहिती हवी असते काय? अशा बोलण्याला ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली शास्त्रीय नाव दिले. मालिनोव्हस्की स्वतः इंग्रजीत शिकवणारे, लिहिणारे पोलिश गृहस्थ होते. बाहेरून आलेल्यालाच हे ऐकू येते, कारण आत राहणाऱ्याला ती हवा असते. विटगेन्श्टाइन केंब्रिजमध्ये इंग्रजीतून शिकवत आणि जर्मनमध्ये लिहीत. १९५३ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात भाषेच्या खेळांची जी यादी आहे, तीत विनवणे, आभार मानणे, शिव्या देणे, अभिवादन करणे हे सारे आहे. रोज दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला 'आभार' हा शब्दाचा अर्थ नसून एक कृती आहे हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

आपल्या अभ्यासक्रमांत सौजन्याचा सिद्धान्त म्हणून जे शिकवले जाते, ते बहुधा पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचे, प्रथम १९७८ मध्ये व पुढे १९८७ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने आलेले प्रतिपादन. इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि तमिळ या तीन भाषांच्या आधारे त्यांनी सार्वत्रिक नियम शोधले. माणसाला आपल्यावर लादणूक नको असते, म्हणून मागणी जितकी आडून तितकी नम्र, हा त्यातला एक महत्त्वाचा धागा. आन्ना व्येझबित्स्का या पोलिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये पोलिश आणि इंग्रजीची तुलना करून दाखवले की ज्याला सार्वत्रिक तर्क म्हटले जाते ते पुष्कळदा इंग्रजी समाजाचे संकेत असतात. शोशाना ब्लुम-कुल्का यांनीही १९८७ मध्ये आडवळण आणि नम्रता या दोन गोष्टी एक नाहीत हे दाखवून दिले. ही चर्चा विद्वानांपुरती नाही. मोजपट्टी इंग्रजीची असेल, तर जर्मन आणि मराठी या दोन्ही भाषा कायम आखूडच भरणार. घरात कोणी 'कृपया मीठ दे' म्हणत नाही. 'कृपया' हा शब्द पाटीवर आणि रेल्वेच्या ध्वनिक्षेपकावर राहतो. आईने पाणी दिल्यावर मुलाने 'आभारी आहे' म्हटले तर तिला वाटेल, हा रागावला आहे. यावरून मराठी माणूस कृतघ्न आहे असा निष्कर्ष काढणारा परदेशी पाहुणा आणि 'प्लीज' विसरलेल्या जर्मनाला उद्धट ठरवणारा इंग्रज एकच चूक करतात. दोघांनीही सौजन्य आपल्या नेहमीच्या जागी शोधले, सापडले नाही, आणि ते मुळातच नाही असे ठरवले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ज्याला पोटासाठी परक्या गावी राहायचे आहे, त्याला मोजपट्टीची चिकित्सा काय कामाची? त्याला तिथली रीत शिकवा आणि मोकळे व्हा. जसा देश तसा वेश. हे खरे आहे, आणि रीत शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे शिकवण्याच्या पद्धतीविषयी आहे. नियमांची यादी पाठ करून शिकलेला माणूस यादीबाहेरच्या पहिल्याच प्रसंगी कोसळतो. शिवाय यादी त्याला अप्रत्यक्षपणे सांगते की तुझ्याकडे सौजन्य नव्हते, ते आम्ही देत आहोत. त्याऐवजी 'तुझ्या भाषेत हे काम कोणता शब्द करतो?' असे विचारले, तर जर्मन मुलगा 'माल' आणि 'डॉख' पुढे करील, मराठी मुलगी 'जरा' आणि 'ना' पुढे करील, आणि मग इंग्रजीतली ती आडवळणी रचना त्यांना ढोंग वाटणार नाही. ओळखीच्या माणसाचे नवे कपडे वाटतील. जे आपल्याजवळ आहे त्याचे भाषांतर करणे आणि जे आपल्याजवळ नाही त्याची भीक मागणे, यांत शिकणाऱ्याच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

हाउस यांच्याच पुढच्या विचारातून आणखी एक आधार मिळतो. इंग्रजी आज अनेक ठिकाणी अशा दोघांत बोलली जाते, ज्यांच्यापैकी कोणाचीही ती मातृभाषा नसते. २००३ मधील एका लेखात त्यांनी व्यवहाराची भाषा आणि स्वत्वाची भाषा असा भेद केला. हा भेद सर्वांना मान्य नाही आणि व्यवहारातही माणूस आपले स्वत्व दाराबाहेर काढून ठेवत नाही, असे मलाही वाटते. पण त्यातला एक मुद्दा पक्का आहे. म्युनिकचा अभियंता आणि पुण्याची अभियंता इंग्रजीत बोलत असतील, तर त्यांनी लंडनच्या दिवाणखान्याची परीक्षा उत्तीर्ण होण्याची गरज नाही. दोघांच्याही मूळ भाषांत आदरार्थी सर्वनाम आहे, दोघांच्याही भाषांत ते चिमुकले कण आहेत. इंग्रजीच्या 'यू'ने दोघांचाही तोटा केला आहे. आपापसांत बोलताना त्यांना हे ठाऊक असले, तर निम्मे गैरसमज जन्मालाच येणार नाहीत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना यात काय करता येईल? माझ्या मते, बरेच. संवाद हा आपला रोजचा पदार्थ आहे. अनुवादाच्या तासाला 'बस ना जरा' याचे 'प्लीज सिट डाउन' केले की आपण अर्थ पोचवतो आणि नाते गमावतो. हाउस यांनी १९७७ पासून मांडलेली 'सांस्कृतिक गाळणी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. मूळ मजकूर नव्या समाजाच्या अपेक्षांतून गाळून जातो, तेव्हा गाळात काय राहिले हे पाहणे आपले काम. नाटकाचे एखादे पान घ्यावे आणि विचारावे: येथे सौजन्य कोणत्या शब्दात आहे? ते खरे आहे काय? विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) न्यायालयीन शिष्टाचाराची सारी वाक्ये जागच्या जागी असतात आणि त्याच वाक्यांनी एका बाईची शिकार होते. साच्यात बसलेले सौजन्य किती हिंस्र होऊ शकते, याचा याहून चांगला पाठ कोणत्याही संभाषणवर्गात मिळणार नाही. आणि पुणेरी पाट्यांतला फटकळपणा? त्यातही वाचणाऱ्याला समजूतदार समजण्याचा एक तिरका सन्मान असतो. बाहेरगावच्याला तो दिसत नाही, एवढेच.

इंग्रजीच्या आडवळणांत जसे समोरच्याच्या स्वातंत्र्याचे भान आहे, तसे जर्मन थेटपणात समोरच्याच्या बुद्धीवरचा विश्वास आहे. दोन्ही गुण आहेत आणि दोन्ही बिघडू शकतात. शिकणाऱ्याने दुसऱ्याची रीत शिकावी हे ठीकच. पण बोलणे दोघांत होते आणि शिकण्याचा भार मात्र नेहमी एकावरच पडतो. जो आश्रयाला, नोकरीला, शिक्षणाला आला त्याच्यावर. हा भार थोडा वाटून घेणे ऐकणाऱ्याला अशक्य नाही. परक्याच्या वाक्यात सौजन्य दिसले नाही, तर ते नाही असे म्हणण्यापूर्वी आपण ते कोठे कोठे शोधले, हे एकदा स्वतःला विचारावे. ऐकणाऱ्याचा शिष्टाचार म्हणून एवढे पुरे आहे, आणि तो कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नाही.